आकडा वर जातो, पावती खाली येत नाही

पहाटे सहाच्या सुमाराला कळसमधल्या कुठल्याही दूध संकलन केंद्रावर उभे राहावे. किटली उतरते, नमुना यंत्रात जातो, फॅट आणि एसएनएफचे आकडे उमटतात आणि लिटर, दर, रक्कम छापलेली चिठ्ठी हातात पडते. अक्षरओळख नसलेली म्हातारीही ती चिठ्ठी टाकून देत नाही. घरी नातवाकडून वाचून घेते आणि फॅट कालच्यापेक्षा कमी लागली असेल तर संध्याकाळी केंद्रचालकाला जाब विचारते. ऊस कारखान्याला गेला की वजनाचा संदेश मोबाइलवर येतो. बारामती आणि इंदापूर यांच्या मधल्या या पट्ट्यात संगणक कुणाला नवा नाही आणि त्याचा कुणाला धाकही नाही. त्याने केलेली नोंद लगेच शेतकऱ्याच्या हातात येते आणि त्या नोंदीवरून भांडता येते, एवढे लोकांना पुरते.

आता त्याच घरातली सून सहाव्या महिन्यात तपासणीला जाते. आरोग्यसेविका तिचे वजन करते, रक्तदाब पाहते, हिमोग्लोबिन तपासते. हे आकडे आधी रजिस्टरमध्ये उतरतात, मग मोबाइलमधल्या अ‍ॅपमध्ये. तिथून ते तालुक्याला, जिल्ह्याला, मुंबईला आणि दिल्लीला जातात. सून मात्र घरी येते ती एका घडी पडलेल्या कार्डावर, आणि त्यावरच्या रकान्यांत जे लिहिले गेले असेल त्यावर. हिमोग्लोबिन मागच्या वेळेपेक्षा उतरले की चढले, हे सासूने विचारले तर सांगता येत नाही.

म्हशीच्या दुधाची पावती मिळते आणि बाईच्या रक्ताची मिळत नाही, असे का व्हावे? सरकारकडे सॉफ्टवेअर नाही असे तर मुळीच नाही. उलट गेल्या सतरा-अठरा वर्षांत आरोग्य खात्यात इतकी सॉफ्टवेअर आली की त्यांची नावे लक्षात ठेवणे हेच कर्मचाऱ्यांचे एक काम झाले आहे. या सॉफ्टवेअरची पारख आपण आजवर ज्या मापाने करत आलो ते मापच चुकले आहे, असे माझे म्हणणे आहे. किती नोंदी झाल्या, किती कार्डे निघाली, किती टक्के ‘ऑनलाइन’ झाले, हे आपण मोजतो. नोंद करणाऱ्याला आणि जिची नोंद झाली तिला त्यातून परत काय मिळाले, हे कुणी मोजत नाही.

नोंदीचा प्रवास

राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान २००५ मध्ये सुरू झाले आणि आशा ही गावातलीच कार्यकर्ती आरोग्य व्यवस्थेत आली. २००८ मध्ये केंद्राचे आरोग्य माहितीचे संकेतस्थळ आले. त्यात माणसांची नावे नव्हती, महिन्याच्या बेरजा होत्या : इतक्या प्रसूती, इतकी लसीकरणे. बेरजेतून बाई हरवते हे लक्षात आल्यावर २००९ मध्ये माता व बालकांचा नावनिशीवार मागोवा घेणारी प्रणाली आली. क्षयरोगासाठी २०१२ मध्ये ‘निक्षय’ आले. २०१६ मध्ये आरोग्यसेविकांच्या हाती टॅब्लेटवर चालणारे ‘अनमोल’ देण्यास सुरुवात झाली. पोषण अभियान २०१८ चे, ‘पोषण ट्रॅकर’ २०२१ चा. सप्टेंबर २०२१ मध्ये आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर लागू झाले आणि चौदा अंकी ‘आभा’ क्रमांक आला.

यातल्या प्रत्येक योजनेचा हेतू चांगला होता, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. २००९ च्या प्रणालीची मूळ कल्पना तर फार शहाणपणाची होती. नावनिशीवार नोंद झाली की संगणकाने आरोग्यसेविकेला कामाची यादी काढून द्यायची : या महिन्यात अमुक बाईची तिसरी तपासणी, तमुक बाळाची गोवराची लस. म्हणजे पावती खाली येणार होती. परंतु नोंद रजिस्टरमध्ये व्हायची, रजिस्टर प्राथमिक आरोग्य केंद्रात जायचे, तिथल्या संगणकावर कुणीतरी ती भरायचे. एवढ्या खटाटोपातून यादी निघेपर्यंत तिच्यातली तारीख उलटून जाण्याचीच भीती. आरोग्यसेविकेला तर आपल्या गावातल्या गरोदर बायका तोंडपाठ असतात. शिळी यादी तिला काय कामाची? यादीचे महत्त्व गेले आणि भरण्याचे काम तेवढे उरले.

पुढच्या प्रणालींनी मधला माणूस काढून टाकला आणि यंत्र थेट कार्यकर्तीच्या हाती दिले. पण जुने रजिस्टर काही सुटले नाही. एकाच बाळाचे वजन आरोग्यसेविकेच्या नोंदीत वेगळे जाते आणि अंगणवाडीताईच्या अ‍ॅपमध्ये वेगळे. कारण एक खाते आरोग्याचे, दुसरे महिला व बालविकासाचे. बाळ एक, काटे दोन, आकडेही कधी कधी दोन. दोन सॉफ्टवेअर एकमेकांशी बोलत नाहीत, आणि त्या न बोलण्याची मजुरी गावातल्या दोन बायका भरतात.

ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी शासनाने दिलेले मोबाइल परत केले, ते या पार्श्वभूमीवर. तो मोबाइल जुना, त्याची स्मरणशक्ती अपुरी, तो तापायचा, अडकायचा. दुरुस्तीचा भुर्दंड सेविकेला. आणि नवे अ‍ॅप इंग्रजीत. त्या वेळी काही जणांनी याला तंत्रज्ञानाचा विरोध म्हटले. मला ते पटत नाही. याच बायका घरी बचत गटाचे हिशेब मोबाइलवर ठेवतात, मुलांच्या परीक्षांचे अर्ज भरतात. त्यांनी परत केली ती वस्तू सदोष होती. बाजारातून आणलेला पंप पाणी उचलत नसेल तर शेतकरी तो परत करतो. त्याला कुणी सिंचनविरोधी म्हणत नाही.

खोटा आकडा संगणकाच्या आधीचा

एक गोष्ट मात्र संगणकाच्या माथी मारता येणार नाही. चुकीचे आकडे वर पाठवण्याची रीत कागदाच्या काळापासूनची आहे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत १९८६ पासून काम सुरू केले, तेव्हा त्यांच्या संस्थेने आधी गावोगावचे जन्म-मृत्यू स्वतः मोजायला घेतले. पुढे महाराष्ट्रातल्या अनेक स्वयंसेवी संस्थांनी मिळून आपापल्या भागातले बालमृत्यू मोजले आणि २००१ मध्ये ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल मांडला. सरकारी नोंदीत दिसणारे बालमृत्यू हे प्रत्यक्षातल्या मृत्यूंचा एक लहान भाग आहेत, हे त्यातून उघड झाले. विधिमंडळापासून वृत्तपत्रांपर्यंत त्यावर वादळ उठले आणि सरकारला समिती नेमावी लागली.

त्या संस्थांकडे भारी संगणक नव्हते. त्यांच्याकडे गावातलाच एक नोंद करणारा माणूस होता आणि मृत्यू नोंदवला म्हणून त्याला कुणी दटावत नव्हते. सरकारी व्यवस्थेत बालमृत्यू कळवणाऱ्या कर्मचाऱ्याला आधी खुलासा द्यावा लागतो. खरे सांगण्याची शिक्षा असेल तिथे कागद खोटे बोलतो आणि अ‍ॅपही खोटेच बोलते, फक्त जास्त वेगाने. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याने हे समजून घेतले नाही, तर तो रकाना सक्तीचा करतो. आणि सक्तीचा रकाना भरण्यासाठी लोक काहीतरी भरतात. रक्तदाब मोजायचे यंत्र बंद असले तरी रकाना रिकामा ठेवता येत नाही. मग १२०/८०.

आपल्याच पुणे जिल्ह्यात याचे चांगले उदाहरण आहे. शिरूर तालुक्यातल्या वढू येथे पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने २००२ पासून बावीस गावांच्या लोकसंख्येचा कायम मागोवा ठेवला आहे. जन्म, मृत्यू, लग्न, गाव सोडून जाणे, गावात येणे, या सगळ्यांची ठरावीक अंतराने घरोघर जाऊन नोंद होते. तिथे आकडा चांगला दिसावा याला महत्त्व नाही, तो खरा असावा याला आहे. म्हणून त्यावर संशोधन उभे राहू शकते. कळसपासून हे ठिकाण एका दिवसात जाऊन परत येण्याइतके जवळ आहे. आपल्या जिल्ह्याचे अ‍ॅप बनवणाऱ्यांनी तिथे चार दिवस काढायला काय हरकत आहे?

पावती देणारी प्रणाली

लोकांच्या हातात लगेच काही देणारी एक सरकारी आरोग्य प्रणाली आपण सगळ्यांनी वापरली आहे. जानेवारी २०२१ मध्ये सुरू झालेले ‘कोविन’. लस टोचली की संदेश यायचा, प्रमाणपत्र उतरवून घेता यायचे. नाव चुकले असेल, जन्मवर्ष चुकले असेल तर माणूस दुसऱ्या दिवशी दुरुस्तीला उभा. दूध संकलन केंद्रावरचा प्रकारच हा. नोंद आपल्या हातात आली की आपण ती तपासतो आणि आपण तपासतो म्हणून ती सुधारते. लाखो लोकांनी फुकटात केलेली ही तपासणी कुठल्याही पर्यवेक्षकाच्या आवाक्याबाहेरची होती.

पण त्याच कोविनने दुसरा धडाही दिला. मे २०२१ मध्ये अठरा ते चव्वेचाळीस वयोगटाला लस खुली झाली तेव्हा आधी ऑनलाइन वेळ घेणे सक्तीचे होते. वेगवान इंटरनेट असलेल्या शहरी तरुणांनी ग्रामीण केंद्रांवरच्या वेळा क्षणात पकडल्या आणि मोटारीने येऊन लस घेऊन गेले. ज्या गावात केंद्र होते तिथलेच लोक बाहेर उभे. अखेर २४ मेपासून सरकारी केंद्रांवर थेट नोंदणीची मुभा द्यावी लागली. सॉफ्टवेअरचे दार कुणाच्या उंचीचे केले आहे, यावर आत कोण येणार हे ठरते.

याउलट गरोदर स्त्रियांसाठी केंद्राची ‘किलकारी’ ही ध्वनिसंदेश सेवा पाहा. २०२४ मध्ये ती महाराष्ट्रातही सुरू झाली. आठवड्याला फोन येतो, मराठीतून सल्ला मिळतो. सेवा उपयुक्त आहे, पण सल्ला सगळ्यांना एकच. ‘तुझे हिमोग्लोबिन आठ आहे, गोळ्या सुरू ठेव आणि बारामतीला दाखव’ असे तिच्याशी कुणी बोलत नाही. आणि तिचा आकडा तर सरकारच्या संगणकात असतो. ‘आभा’ क्रमांकात आपल्या नोंदी आपल्याला पाहता येतील अशी सोय आहे खरी. परंतु त्यासाठी स्मार्टफोन हवा, दवाखान्याने नोंद जोडलेली हवी, आणि खाजगी डॉक्टरने त्यात भाग घेतलेला हवा. क्रमांक काढून देण्याची मोहीम झाली. त्या क्रमांकात काही भरले का, हे पाहण्याची झाली नाही. रिकामे पासबुक घेऊन कुणी बँकेत जात नाही.

टोळीबरोबर न जाणारी नोंद

दिवाळी झाली की माळेगाव, भवानीनगर आणि आसपासच्या कारखान्यांच्या परिसरात पाचटाच्या कोप्या उभ्या राहतात. बीडकडून, मराठवाड्यातून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. त्यांत गरोदर बायका असतात, तान्ही मुले असतात. सहा महिने ती माणसे इथे राहतात आणि आपल्या आरोग्य नोंदीत ती तिकडचीच राहतात. तिकडच्या अंगणवाडीत मूल ‘गैरहजर’, इकडच्या अंगणवाडीत ‘नोंद नाही’. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आणि मूल मात्र लसीविना.

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये पुढे आला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने पाहणी केली तेव्हा ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. म्हणजे सहा जणींमागे एक. इतकी मोठी गोष्ट वर्षानुवर्षे घडत होती आणि धोक्याची घंटा वाजली ती पत्रकारांमुळे, कार्यकर्त्यांमुळे. देशभरच्या आरोग्य सॉफ्टवेअरांपैकी एकाही पडद्यावर ती उमटली नाही. शस्त्रक्रिया बहुतांश खाजगी दवाखान्यांत होत होत्या आणि जे मोजायचे ठरलेलेच नाही ते कुठल्याही यंत्राला दिसत नाही. काय मोजायचे हे वर बसून ठरवले की असे होते.

याबाबत सुधारणेचे दोन प्रयत्न नोंदवायला हवेत. राज्याच्या महिला व बालविकास विभागाने स्थलांतरित माता-बालकांचा मागोवा घेणारी प्रणाली आधी काही जिल्ह्यांत आणि मग राज्यभर आणली. केंद्राने बालकांच्या लसीकरणासाठी ‘यू-विन’ जानेवारी २०२३ पासून काही जिल्ह्यांत प्रयोग म्हणून सुरू केले; त्यात लस कुठेही घेतली तरी नोंद एकच राहावी आणि प्रमाणपत्र पालकांना मिळावे अशी रचना आहे. दिशा योग्य आहे. तिची परीक्षा कोपीत होईल. तिथे चार्जिंग नाही, एकच साधा फोन मुकादमाकडे किंवा नवऱ्याकडे. नोंद बाईबरोबर जायची असेल तर ती तिच्या गाठोड्यात मावेल अशी असली पाहिजे : छापील कार्ड, त्यावर मोबाइलने वाचता येईल असा चौकोनी कोड आणि शेजारी डोळ्यांनी वाचता येतील असे मराठी शब्द. तंत्रज्ञानाला हे जुनाट वाटेल. दूध केंद्राला वाटले नाही.

सॉफ्टवेअर कुणाचे?

राज्यातल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत वर्षानुवर्षे चाललेली संगणक प्रणाली २०२२ मध्ये बंद झाली. केसपेपर पुन्हा हाताने लिहिणे आले, आणि जुन्या रुग्णांचे जुने अहवाल डॉक्टरांना पाहता येईनात. कराराचा वाद कुणाचा, चूक कुणाची, हा इथला विषय नाही. आपल्याला पडावा असा प्रश्न हा की रुग्णाची नोंद करार संपल्यावर कुणाकडे राहते? विहीर आपल्या रानात आणि मोटारीची किल्ली दुसऱ्याच्या खिशात, असा व्यवहार इंदापूर तालुक्यातला कुणीही शेतकरी करणार नाही.

ही चूक फक्त आपली नाही. इंग्लंडने २००२ मध्ये आपल्या राष्ट्रीय आरोग्य सेवेसाठी जगातला सर्वांत मोठा नागरी संगणक प्रकल्प हाती घेतला. मोठमोठ्या कंपन्यांना प्रदेश वाटून दिले, वरून आराखडा ठरवला, डॉक्टरांना शेवटी विचारले. सुमारे दहा अब्ज पौंडांची वाट लावून २०११ मध्ये तो मोडीत काढावा लागला. पैसा आणि अभियंते यांची तिथे वाण नव्हती.

दुसरी वाटही आहे. वर्णभेद संपल्यावर नव्वदच्या दशकात दक्षिण आफ्रिकेत जिल्हा पातळीवरच्या आरोग्य कर्मचाऱ्यांना स्वतःची माहिती स्वतः वापरता यावी म्हणून एक मुक्त सॉफ्टवेअर सुरू झाले. ओस्लो विद्यापीठाने ते वाढवले आणि आज अनेक देशांची सरकारे ते वापरतात. छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ गनियारी येथे जन स्वास्थ्य सहयोगच्या ग्रामीण रुग्णालयासाठी ‘ओपनएमआरएस’ या मुक्त सॉफ्टवेअरवर ‘बहमनी’ ही प्रणाली उभी राहिली. सॉफ्टवेअर लिहिणारे त्या रुग्णालयात जाऊन डॉक्टर-परिचारिकांचे काम पाहत शिकले आणि मग ती जगभर गेली. खेड्यातल्या बाह्यरुग्ण विभागाला जे पेलते ते इतरत्रही पेलते, हा त्याचा अर्थ.

आपल्याकडे साधनांची कमतरता आहे म्हणावे तर तेही खरे नाही. आरोग्य नोंदींचे मानक सांभाळणारे राष्ट्रीय केंद्र पुण्यातच, सी-डॅकमध्ये आहे. भारताने अशा नोंदींची मानके २०१३ मध्ये जाहीर केली आणि २०१६ मध्ये सुधारली. बारामतीला २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. पुण्यात सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या मुलामुलींत आपल्याच तालुक्यांतून गेलेले किती तरी आहेत. मानक लिहिणारा पुण्यात, सॉफ्टवेअर लिहिणारी पुण्यात, शिकाऊ डॉक्टर बारामतीत आणि आरोग्यसेविका कळसमध्ये. ही चार माणसे एका खोलीत कधी बसलेली नाहीत, एवढीच काय ती अडचण.

काय मागायचे

टीका करणाऱ्याने मागणीही स्पष्ट सांगावी. पहिली मागणी : एक आकडा एकदाच भरायचा. आरोग्यसेविकेने घेतलेले वजन अंगणवाडीच्या अ‍ॅपला आपोआप मिळाले पाहिजे. नवे अ‍ॅप आणायचे असेल तर आधी एक जुने रजिस्टर बंद केल्याचा लेखी आदेश निघावा.

दुसरी : जिथे नोंद, तिथे पावती. दूध केंद्रावर चालते तेवढे छोटे छपाईयंत्र उपकेंद्रात ठेवणे आरोग्याच्या अंदाजपत्रकाला जड नाही. आजचा आकडा, मागचा आकडा, पुढची तारीख, तीन ओळी मराठीत.

तिसरी : वर गेलेली माहिती गावाच्या उपयोगी पडावी. राज्यात औषधसाठ्यासाठी ‘ई-औषधी’ आहे. उसाच्या फडात कुणाला साप चावला तर सर्पदंशाची लस कोणत्या केंद्रात शिल्लक आहे हे त्या संगणकाला ठाऊक असते. रुग्णाला दुचाकीवर मध्ये बसवून निघालेल्या भावाला ठाऊक नसते. हा एक आकडा गावाला दिसला तर त्या रात्री एक खेप वाचेल, कदाचित एक जीवही.

चौथी : करारात तीन वाक्ये सक्तीची असावीत. नोंदीची मालकी रुग्णाची आणि जतनाची जबाबदारी शासनाची. करार संपला तर सर्व नोंदी प्रमाणित स्वरूपात परत. आणि सार्वजनिक पैशाने लिहिलेले सॉफ्टवेअर सर्वांना पाहायला खुले.

पाचवी मागणी पैशाची नाही. वाईट आकडा कळवणाऱ्याला खुलासा मागू नये, मदत पाठवावी. हे झाले नाही तर वरच्या चारही मागण्या पूर्ण होऊन काही उपयोग नाही.

यावर कुणी म्हणेल की आकडे वर गेलेच पाहिजेत, त्याशिवाय नियोजन कसे होणार? अगदी बरोबर. डेअरीचेही आकडे वर जातात. रोज किती दूध आले हे कळल्याशिवाय तिचा टँकर सुटत नाही. पण तिने शेतकऱ्याची चिठ्ठी बंद करून ते साधलेले नाही. चिठ्ठीमुळे खालचा आकडा खरा राहतो आणि म्हणून वरची बेरीज खरी येते.

हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा कारखान्यांची धुराडी पेटायला लागलेली असतील आणि रस्त्यांवर टोळ्यांच्या गाड्या दिसू लागतील. त्या गाड्यांतल्या एखाद्या गरोदर बाईला आपल्या गावातल्या आरोग्यसेविकेने तपासले, तर तिच्या हातात काय दिले गेले एवढे जरूर पाहावे. आणि पुढच्या वेळी आपण स्वतः तपासणीला गेलो की निघण्याआधी दूध घातल्यावर विचारतो तितक्या सहज विचारावे : ताई, माझी पावती?